बफरचा आकडा

तो खरं तर शेजारच्या काकांचा स्पीकर दुरुस्त करायला आला होता. आमचं दार उघडं, आणि मी कॉम्प्युटरवर खेकसत होते, "अरे, मी गाऊन मोकळी झाले, तू अजून कुठे आहेस?"

"माझ्याशी बोलताय?" दारातून आवाज आला. हातात पक्कड, ओठांत दाबलेलं हसू...

मी लहान मुलांच्या पुस्तकांसाठी घरीच गाणी रेकॉर्ड करते. हेडफोनमध्ये माझाच आवाज मला जरा उशिराने ऐकू यायचा, की ताल सुटलाच म्हणून समजा. त्याने हेडफोन कानाला लावून पाहिला.

"कॉम्प्युटर आवाज थोडा साठवतो, मग पुढे सोडतो. हा त्या साठ्याचा, म्हणजे बफरचा आकडा, एक हजार चोवीस. एकशे अठ्ठावीस करू. फारच कमी केला तर आवाज तडतडेल. गा आता."

मी गायले. आवाज जवळजवळ ओठांबरोबरच आला. तो माझ्याकडे बघत होता आणि मी त्या आकड्याकडे... कुठे बघायचं तेच कळेना.

चार दिवस कसेबसे काढले. पाचव्या दिवशी आकडा मीच वाढवला आणि त्याला फोन केला.

असं सहा वेळा झालं. "तुझं यंत्र आजारी पडायचं असलं की तू सकाळीच केस धुतेस," माझ्याजवळ राहणारी आत्या म्हणायची.

सहाव्या वेळी वायर गुंडाळता गुंडाळता त्याने विचारलं, "काम नसताना आलो... तर चालेल?"

माझ्या तोंडातून भलतंच निघून गेलं. "कशाला उगाच हेलपाटे घालताय?"

"तेही खरंच," म्हणाला, आणि गेला. मी दोन महिने फोन केला नाही. लाज वाटत होती, दुसरं काय.

शेवटी राहवेना. पुन्हा आकडा वाढवला, त्याला बोलावलं. या वेळी त्याने कॉम्प्युटरकडे पाहिलंसुद्धा नाही. माइकची वायर जिथे लावते, त्या छोट्या डबीवरचं एक बटण दाबलं.

"आता तुमचा आवाज कॉम्प्युटरमधून फिरून यायचाच नाही. माइकमधून थेट कानात. आकडा कितीही वाढवा."

मी चपापले. "तुम्हाला माहीत होतं?"

"दुसऱ्याच वेळी कळलं. आकडा काही आपोआप वाढत नाही."

"मग हे बटण तेव्हाच का नाही दाबलंत?"

"तुम्ही परत बोलावलं नसतंत." तो हसला, पण हसू टिकलं नाही. "आई कधीची मागे लागली होती. गेल्या आठवड्यात हो म्हटलं मी. लग्न ठरलंय माझं."

"मला त्या दिवशी म्हणायचं होतं — रोज या."

"त्या दिवशी मी जिन्यात थांबलो होतो. बराच वेळ. वाटलं, हाक माराल."

आणि मी तेव्हा दाराच्या आतच उभी होते, कडीला हात लावून.

तो गेल्यावर आत्या आत डोकावली आणि निघून गेली. मी हेडफोन लावून एक ओळ गायले. आवाज अगदी वेळेवर आला, जराही मागे नाही. मी बटण बंद केलं, आकडा पुन्हा एक हजार चोवीस केला आणि फोन हातात घेऊन बसून राहिले. लावला मात्र नाही.