खालून आलेला हात

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना रात्र लागते. ही भर दुपारची आहे.

मी कुणाला घाबरवायला लिहीत नाही. जे झालं ते माझ्या वडिलांच्या बाबतीत झालं आणि मी तिथे होते. ज्यांना पटणार नाही त्यांनी सोडून द्यावं.

गेल्या नाताळची सुट्टी. मालवण तालुक्यातलं मसुरे, आमचं घर. घराला लागूनच पप्पांचं गॅरेज आहे, पत्र्याच्या छपराचं.

माझं नाव जॉयसी. मी म्हापशाला शाळेत शिकवते. पप्पा म्हणजे डॉमिंगो मेस्त्री. आणि मम्मी, अ‍ॅनी... ती त्याच्या आधीच्या जूनमध्ये गेली. पोटाचा आजार. कळला तेव्हा फार उशीर झाला होता.

मम्मी आणि पप्पा गॅरेजमध्ये जोडीने काम करायचे. पप्पांचे हात जाड. मम्मीचे बारीक, लांब बोटांचे. जिथे पप्पांचा हात अडायचा, तिथे मम्मी गाडीखालच्या खड्ड्यात उतरायची आणि खालून हात घालायची. काम झालं की अंगठीने लोखंडावर दोनदा वाजवायची.

टक... टक.

म्हणजे वस्तू जागेवर 'बसली'.

ती गेल्यावर पप्पांनी गॅरेज उघडलंच नाही. एकटे राहायचे, जेवायचे नाहीत. म्हणून मी त्यांना कायमचं म्हापशाला न्यायला आले होते. पप्पा 'हो' म्हणाले. बॅगाही भरल्या.

पण येताना माझ्या गाडीने त्रास दिला होता. बांदा सोडलं आणि चढावर गाडी ओढेचना. कशीबशी घरी आणली.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर पप्पांनी गॅरेजचं दार उघडलं, गाडी खड्ड्यावर घेतली आणि बॉनेट वर केलं.

मी स्टिअरिंगवर बसले. "रेस दी वायच," ते म्हणाले.

मी जराशी दिली. इंजिनाच्या मागून आवाज आला... सूंऽऽ... कुणीतरी दातांतून श्वास ओढावा तसा.

"व्हॅक्युम पाईप तडाकली. टर्बोक जोर गावणा नाय. बंद कर."

पेन्सिलीएवढी रबरी नळी. पण ती इंजिनाच्या पार मागे, टर्बोच्या खाली. जुनी तुकडे होऊन निघाली. नवी बसवायची होती.

पप्पांचा हात मनगटापर्यंत जायचा आणि अडायचा.

परत घालायचे. परत अडायचा.

मी स्टिअरिंगवर बसून होते. मधे बॉनेट, त्यामुळे पप्पांचा चेहरा दिसत नव्हता. नुसतं धापा टाकणं ऐकू येत होतं.

मग ते सवयीने बोलून गेले.

"अ‍ॅनी, वायच वर सरकय गो."

बोलले आणि धापा थांबल्या. बाहेर माडावर कावळा ओरडत होता, तोही थांबला.

आणि...

गाडी हलली. अगदी जराशी. खड्ड्यात कुणी उभं राहून इंजिनाला टेकावं, तशी.

"हां, गावली," पप्पा म्हणाले. "जॉयसी, सोड आता हात. तुजो हात केवढो थंड गो."

माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

"पप्पा... मी हय गाडयेत आसंय."

बॉनेटच्या बाजूने पप्पांचं डोकं बाहेर आलं.

"मगे खाली कोण आसा?"

मी उतरले. खड्ड्यात वाकून पाहिलं.

कुणीच नव्हतं. पायऱ्यांवर महिनोन् महिने साचलेली धूळ होती. तिच्यावर एकही पाऊल नव्हतं. वर, इंजिनाच्या फटीत, फक्त पप्पांची बोटं दिसत होती. मिटलेली. कुणाचा तरी हात धरावा तशी.

मी बघत असतानाच ती हळूहळू उघडली.

आणि माझ्या डोक्याच्या अगदी वर...

टक... टक.

मम्मीची अंगठी आम्ही तिच्याबरोबरच पुरली होती.

गाडी चालू केली. सूं आवाज गेला होता. नळी घट्ट बसली होती.

पप्पा बॉनेटवर डोकं टेकून रडत होते. मम्मीच्या मातीलाही ते रडले नव्हते. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. म्हटलं, "चला पप्पा. आताच निघूया."

त्यांनी डोळे पुसले, पक्कड घेतली आणि परत आत हात घातला.

"बसली ना ती? मगे कित्या काढतास?" मी विचारलं.

त्यांनी नळी ओढून तोडली. दुसरी घेतली. आणि लहान मूल मागतं तशा आवाजात म्हणाले, "अ‍ॅनी, परत दी गो."

मी हात जोडले, ओरडले. ते काही गाडी सोडेनात. शेवटी शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मी एकटीच एसटीने निघाले. गाडी तिथेच राहिली. खड्ड्यावर.

फोनवर मी विचारायचे. सुरुवातीला ते टाळायचे. मग एकदा म्हणाले, "पयली ती नळी दिऊन हात सोडी. आता सोडणा नाय."

"आणि तुमी?"

"मी कित्या सोडू?"

ईस्टरला गेले तेव्हा त्यांचा उजवा हात हातात घेतला. कोपरापर्यंत बर्फ. कणकवलीला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सगळं तपासलं. हाताला काही झालेलं नाही म्हणाले.

त्या दुपारी पप्पा जेवून पडले होते. मी गॅरेजमध्ये गेले. बॉनेट उघडंच होतं. मी बाही वर केली आणि त्या फटीत हात घातला. माझा हात मम्मीसारखाच आहे. सगळा आत गेला.

"मम्मी," मी म्हटलं.

काहीच नाही.

"मम्मी, मी गो... जॉयसी."

नुसतं लोखंड. मी तशीच उभी राहिले. हाताला मुंग्या आल्या तरी काढवेना. एकदा तरी तिने धरावा एवढंच वाटत होतं.

मागे पप्पा कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. खूप मायेने बोलले.

"काढ बाय हात. ती तुका न्हेवची नाय."

मी अजून रोज फोन करते. पप्पा उचलतात, नीट बोलतात, जेवलंस काय विचारतात. पण मधेच थांबतात... फोन जरा लांब धरतात... आणि दुसऱ्याच कुणाला तरी सांगतात, "इलंय गो, थांब."

मग घाईने फोन ठेवतात.