झोळीचा खांब

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर सिंगापूरला चला. बिशानमधलं एक जुनं कौलारू घर... माळ्यावर छताचा भार पेलणारे दोन लाकडी खांब, आणि त्यातल्या एकाला घट्ट मिठी मारून बसलेली आठ वर्षांची ऋग्वेदा. दिसली?

समोर तिची नवी आई उभी आहे, नीता. ऋग्वेदा तिला मावशी म्हणते.

"कान्ट लाह, नाही जमणार, मावशी. ह्या खांबांना आईने माझी झोळी बांधली होती. तुला आईचं काहीच नको असतं."

कस्तुरीला, म्हणजे तिच्या आईला जाऊन तीन वर्षं झाली होती.

"खांब टाकायचा नाहीये, राणी. भिंतीशी सरकवायचा आहे. तुझ्या अभ्यासाला जागा होईल."

"कोणी ठरवलं?"

नीताने क्षणभर नवऱ्याकडे पाहिलं. प्रसन्न खिडकीबाहेर बघत होता.

"मी," ती म्हणाली.

ठरवलं होतं प्रसन्नने. पण लेकीला सांगायला त्याची जीभ रेटेना. आईविना वाढणाऱ्या लेकराला निदान बाप तरी निर्मळ दिसू दे, म्हणून त्या माउलीने सगळा रोष आपल्या अंगावर ओढून घेतला होता!

कंत्राटदार अंकलनी आधी छताखाली लोखंडी टेकू उभे केले, भार त्यांच्यावर घेतला, नवी तुळई बसवली आणि मगच खांबाला हात घातला. हा क्रम कधी चुकवू नये बरं. पण खांब आडवा झाला मात्र, आतून भुसा सांडला... वाळवीने तो पार पोखरला होता. पुन्हा उभा राहणं शक्यच नव्हतं.

"तू प्रॉमिस केलं होतंस," म्हणत ऋग्वेदा नीताला बुक्क्या मारू लागली. नीता मुकाट मार खात राहिली. प्रसन्नला ते बघवेना.

"तिला नको मारूस, बाळा. हे सगळं मी ठरवलं होतं. मी घाबरलो, आणि तिने ते स्वतःवर घेतलं."

ऋग्वेदाचा हात वरच्या वर थांबला. ती उरलेल्या खांबापाशी गेली.

"हा पण पोकळ आहे? बाबाला नाही विचारत. तू सांग. पण खरं सांग, ओके?"

नीताने गुडघ्यांवर बसून खांबाला कान लावला आणि पोकळ वाजतो का, म्हणून बोटांनी ठोकून पाहिलं. पण दाटून आलेल्या हुंदक्यांत तिला काही ऐकूच येईना...

"मला एकटीला नाही गं कळत."

तेव्हा ऋग्वेदाने काय केलं, सांगू? तिने पलीकडच्या बाजूने आपला कान खांबाला टेकवला, हात वळसा घालून पुढे आणला, नीताचा हात आपल्या हातात धरला आणि तिच्याच बोटांनी खांबावर टकटक केलं.