झिपरूला पालथं केलं ती रात

कंदील जरा बारीक कर रे गुणा, डोळ्यांवर येतो. बसा. हे ऐकीव नाय. महिपतनं मला सोताच्या तोंडानं सांगितलंय, तेपण वीस वर्सांनी. किन्हवलीचा महिपत, माझा शेजारी.

बेचाळीस साल नुकतंच लागलं होतं. पौषातली संकष्टी. महिपत रिकामी बैलगाडी घेऊन शहापूरला डॉक्टरकडं टाके काढायला गेला होता. टाके कसले, ते आधी सांगतो.

दहा दिवस आधी तो आणि झिपरू जंगलात सागाचे ओंडके भरत होते. झिपरू गावाबाहेरच्या वाडीतला. दोघं बारा वर्सं जोडीनं कामाला. त्या दिवशी दोर तुटला आणि वरचा ओंडका दोघांच्या तोंडावर आला. महिपतच्या डाव्या गालाचं हाड आत बसलं. झिपरूचा खालचा जबडा दोन्हीकडनं मोडला, हनुवटी लोंबायला लागली.

महिपतनं गाडी रिकामी केली, पेंढा टाकला, झिपरूला उताणं निजवलं. डोक्याखाली घोंगडी दिली. झिपरूला बोलता येत नव्हतं, घसा नुसता घरघरायचा. तो सारखा कुशीवर वळू बघायचा. महिपत मागं हात घालून त्याला दाबायचा. "पडून ऱ्हा झिपरू. हलू नको. आलंच शहापूर."

तीनदा दाबला. मग तो वळायचा थांबला.

डॉक्टरनं उजेड धरून झिपरूचं तोंड बघितलं. म्हणाला, "जबडा असा मोडला की जीभ मागं पडते, घसा बंद होतो. पालथं घालून आणायचं होतं. दात तारेनं बांधले असते. दीड महिना पेजेवर राहिला असता, पण जगला असता."

महिपत म्हणाला, "बरं."

तेवढंच. मग डॉक्टरनं त्याच्या कानाच्या वर चीर दिली, आतून लोखंडी पट्टी सरकवली आणि गालाचं हाड उचललं. हाड बसलं, पण डोळ्याखालनं ओठापातुर गाल बधिर राहिला. जेवताना शीत चिकटलं तरी कळायचं नाय. त्या डोळ्यातनं पाणी आलं तरी नाय. त्याची बायको राही गाल पुसायची, तेव्हा त्याला समजायचं.

झिपरूच्या बायडीला त्यानं डॉक्टरचं बोलणं सांगितलं नाय. कुणालाच नाय. का म्हणून काय विचारतोस, गुणा... मीपण विचारलं नाय.

तर टाके काढून तो निघाला. वाटेत अंधार पडला. चंद्र उगवायचा होता. ओढ्याच्या उतारावर बैल आपणहून थांबले.

मागनं आवाज आला.

घर्र... घर्र...

गाडीत पेंढ्याशिवाय काय नव्हतं.

"भ्या वाटलं?" मी महिपतला विचारलं होतं.

"नाय," म्हणाला. "काहीच वाटलं नाय. आवाज वळखीचा होता."

आवाज थांबला. परत आला. पयल्यापेक्षा कमी. मग आणखी कमी...

महिपत उतरला. मागं गेला. अंधारात हात घातला.

खांदा लागला. गार.

खांदा वळू बघत होता.

...

या वेळी त्यानं दाबला नाय. दोन्ही हात खाली घातले. वजन होतं. माणसाएवढं. त्याला पालथं केलं. मान खाली सोडली.

घरघर थांबली.

मग श्वास. सरळ. एक... दुसरा...

"चल झिपरू," महिपत म्हणाला.

बैल चालू लागले. सगळी वाट मागं तो श्वास होता. महिपतनं वळून बघितलं नाय. गाव आलं तेव्हा चंद्र वर आला होता, आणि दारात गाडी उभी केली तेव्हा मागं काही ऐकू येईना.

राही चिमणी घेऊन बाहेर आली. गाडीत बघत राहिली. पेंढा दबला होता. कोणी पालथं निजून उठून जावं, तसा.

"कोणाला आणलं होतं?"

महिपत बैल सोडायला लागला.

तोंड येतं तिथं पेंढा ओला होता. राहीनं वाकून हात लावला. तसाच ठेवला.

"अवो," ती म्हणाली, "ऊन हाय अजून."