लाल टाक्यांचा पट्टा

दोरी, साखळी, पट्टा किंवा तार किती ओझ्याला तुटते हे पाहणे हा माझा आयुष्यभराचा व्यवसाय होता. नॉक्सव्हिलमधल्या एका प्रयोगशाळेत माझ्या ताब्यात एक यंत्र होते. कोणतीही वस्तू त्याच्या दोन जबड्यांत धरली की ते ती शांतपणे ओढत राही आणि शेवटी ती तुटे. न तुटलेली वस्तू माझ्या पाहण्यात नाही. म्हणून केल्सीने, माझ्या मुलीने, तिचा तंबू विकून टाकला आणि यापुढे आपण दोन झाडांमध्ये टांगलेल्या कापडी झोळीत, हॅमॉकमध्ये, झोपणार असे जाहीर केले, तेव्हा मला पडलेला पहिला प्रश्न निव्वळ व्यावसायिक होता.

"तुटलं तर?"

"तर पडेन," ती बिस्किटावर, म्हणजे आमच्याकडच्या मऊ पावावर, ग्रेव्ही ओतत म्हणाली. "दीड फुटावरून. बुड शेकेल."

"आणि झाडच पडलं तर?"

"डॅडी, तुम्ही निदान नाश्त्याला तरी कुणाला मारत जाऊ नका."

मार्चमध्ये ती जॉर्जियातून निघून अ‍ॅपलाचियन डोंगरांची सबंध पायवाट, पार उत्तरेकडच्या मेन राज्यापर्यंत, एकटी चालणार होती. पाठीवर पिशवी घेऊन हिंडायला लागून तिला जेमतेम सहा महिने झाले होते. त्या काळात तंबूतल्या तिच्या साऱ्या रात्री वाईट गेल्या होत्या. कधी जमीन उतरती, कधी पाठीखाली मूळ, एकदा तर अंथरुणाखालून पाणी वाहत होते. दिवसभर चालायचे आणि रात्रभर जागायचे, असे कोणी मेनला पोचत नाही. मग कोणाच्या तरी हॅमॉकमध्ये ती दुपारची आडवी झाली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही. तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघेच होतो. ती नीट झोपली आहे, हे ऐकून मला बरे वाटायला हवे होते.

तोड तिनेच काढली. ऑक्टोबरात दोघांनी एक फेरी करायची. त्या फेरीत हॅमॉक एकदा जरी खाली आला, तरी ती मार्चचा बेत सोडणार.

"एकदा जरी?" मी विचारले.

"एकदा जरी. पण तुम्ही सुरी घेऊन यायचं नाही."

आम्ही हात मिळवले. तिला लागू न देता तो हलकेच खाली यावा, अशी माझी इच्छा होती. तरीही माझा स्वभाव मला ठाऊक आहे. पुढच्याच आठवड्यात मी तिच्यासाठी पॉलिएस्टरचा एक जादा पट्टा शिवला. झाडाची साल कापली जाऊ नये म्हणून हे हॅमॉकवाले लोक दोरी न वापरता रुंद पट्टेच वापरतात. डब्यात लाल दोरा होता, म्हणून टाके लाल पडले. एका कोपऱ्यात मशीन अडकले आणि तिथे टाक्यांची ओळ दोनदा गेली. त्याच थानाचा दुसरा तुकडा मी जुन्या सहकाऱ्यांकरवी यंत्रात ओढून पाहिला. केल्सीच्या वजनाच्या कितीतरी पटींनंतर तो तुटला. तुटला हे खरेच, पण मी समाधानी होतो.

उनाका डोंगरांच्या पूर्वेकडच्या उतारावर स्टिलहाऊस नावाचा एक ओढा आहे. त्याच्या काठी आम्ही उन्हे कलताना पोचलो. टुलिप पॉपलरची पाने पिवळी होऊन गळत होती, ओक अजून तांबडे होते, आणि ओढ्यालगत ऱ्होडोडेंड्रॉनची काळपट जाळी होती. मी माझा तंबू जाळीच्या पलीकडे सपाटीवर लावला. मी बदलणार नव्हतो.

केल्सीने एक ओक आणि एक ॲश निवडले. ॲश जाड होते, सरळ होते. मी त्याला पसंती दिली.

"ॲशसारखं लाकूड नाही," मी म्हणालो. "माझ्या कुऱ्हाडीचा दांडा ॲशचा आहे, तुझ्या मामाची बॅट ॲशची होती. ओढून, वाकवून, सगळं करून पाहिलंय मी."

"जिवंत झाडाला पण ओढलंय?"

"लाकूड ते लाकूडच."

आमच्याकडच्या माणसाला ॲशविषयी शंका घ्यायला कोणी शिकवलेले नाही. तिने मात्र हॅमॉकवाले करतात तशी मुठीने खोडावर थाप मारली, वर पाहिले, तोंड वाकडे केले आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला गेली. थोड्या वेळाने तिची हाक आली.

"डॅडी, हे बघा! आपण मघाशी इथूनच आलो ना? हे दिसलं कसं नाही?"

मलाही ते दिसले नव्हते. आम्ही त्याच वाटेने वर आलो होतो, आणि त्या झाडाकडे दुर्लक्ष होणे अवघड होते. खोड इतके रुंद, की पलीकडे उभी असलेली केल्सी मला दिसत नव्हती. राखाडी सालीवरच्या खोल चिरा सरळ न जाता पिळवटल्यासारख्या वर चढत गेल्या होत्या. मी झाडांचा जाणकार नाही. ओकचाच कुठला तरी प्रकार असेल, असे मी धरले. समोर योग्य अंतरावर एक तरुण टुलिप पॉपलर होता.

"इथं वारा नाहीये," ती म्हणाली.

ते खरे होते. दहा पावलांवर पाने उडत होती आणि इथे माझ्या हातातल्या नकाशाचा कोपराही हलत नव्हता. ओढ्याच्या खोलगट भागात असे होते.

तिचा पट्टा त्या खोडाला पुरेना. तेव्हा मी माझा लाल टाक्यांचा पट्टा काढला, आणि दोन्ही जोडून एक फेरा कसाबसा पुरा झाला. टोकाचा फास माझ्या पट्ट्याचा होता. त्यात तिने हॅमॉकची स्क्रूची कडी अडकवली आणि स्क्रू शेवटपर्यंत फिरवला. नवखे लोक हॅमॉक ताणून बांधतात. मी तिला तीस अंशांचा उतार मोजून दिला, कारण त्या कोनात प्रत्येक पट्ट्यावर बरोबर माणसाच्या वजनाएवढाच ताण येतो. ती आत तिरकी झोपली, दोनदा झोके घेतले आणि म्हणाली, "डॅडी, तुमचं तोंड बघा. कुणी म्हणेल मला पुरायला आणलंय."

आम्ही बीन्स आणि कॉर्नब्रेड खाल्ले. ती लवकर झोपली.

उजाडण्याच्या सुमारास वारा सुटला. मी जागाच होतो. तंबूचे कापड फडफडू लागले, जंगलभर खोडे करकरू लागली. मग एक आवाज झाला, प्रथम सुतळी तुटल्यासारखा, नंतर जमीन बसल्यासारखा. मी अनवाणी बाहेर आलो.

राखी उजेड होता. जाळीपलीकडचे सगळे रान डोलत होते. समोरचा पॉपलर वाकत होता, सरळ होत होता, पुन्हा वाकत होता. त्याला बांधलेला पट्टा त्याच्याबरोबर मागे-पुढे व्हायला हवा होता, आणि हॅमॉकला हिसके बसायला हवे होते. हॅमॉक स्थिर होता. पावसासाठी वर बांधलेल्या ताडपत्रीचीही हालचाल नव्हती. ते मोठे झाड जराही हलत नव्हते. इतके मोठे खोड हलणार नाही, हे मला कळत होते. पॉपलर हलत असताना मधले कापड का हलत नाही, याचा हिशोब मात्र मला जमेना.

मी खोडावर हात टेकला. साल कोमट होती.

केल्सी घोरत होती.  मी तिथेच खाली बसलो आणि वारा पडेपर्यंत बसून राहिलो.

ती उठली तेव्हा नीट उजाडले होते. मी शेगडीवर कॉफी ठेवली. केस विस्कटलेले, एका मोज्याची टाच वर आलेली, अशी ती हॅमॉकमधून उतरली.

"लहानपणानंतर पहिल्यांदा अशी झोपले," ती म्हणाली. "काही झालं का रात्री?"

"एखादं झाड पडलंय. ये, बघू."

ॲश मुळांपाशी मोडले होते. ओकच्या दिशेने, बरोबर ओक आणि ॲश यांच्यामधल्या रेषेवर, ते आडवे पडले होते. पडताना त्याने ओकची एक फांदी साल ओरबाडत खाली आणली होती. मोडलेल्या जागी सालीखाली किड्यांनी नागमोडी वाटा कोरल्या होत्या, आणि आतले लाकूड बोटाने दाबले की दबत होते. केल्सीने त्याच्या लांबीवरून नजर फिरवली. मग जिथे तिचे डोके आले असते, तिथल्या मातीकडे तिने पाहिले.

"कुऱ्हाडीचा दांडा," ती म्हणाली.

 तिने माझा हात धरला, आणि आम्ही दोघेही कारण नसताना हसू लागलो. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. तसे मी कित्येक वर्षांत हसलो नव्हतो.

परत आलो, तेव्हा हॅमॉकचे एक टोक जमिनीवर होते.

दुसरे टोक पॉपलरला होते तसेच होते. खाली आलेले टोक ओल्या पानांवर सरळ पसरलेले होते. त्याच्यापुढे झाड नव्हते.

तिथे एक खुंट होता. रुंद, गुडघ्याएवढा, करडा, मधून पोकळ, वर शेवाळ. त्याच्या कडेने बोटाएवढे चार-दोन धुमारे फुटले होते. माझ्या सगळ्या आयुष्यापेक्षा जुना असा तो खुंट होता. वर, जिथे पालवीने आभाळ झाकले होते, तिथे आता आभाळ होते.

"डॅडी," केल्सी म्हणाली, "इथं झाड होतं."

"होतं."

"मग?"

"कॉफी निवतेय."

तिने माझ्याकडे पाहिले. 

तिचा पट्टा खुंटापाशी पडला होता. दोन घड्या घालून. माझा पट्टा नव्हता. मी गुडघ्यांवर बसून पाने बाजूला केली, पोकळीत हात घातला, ओढ्यापर्यंत पाहून आलो. तो नव्हता.

मग मी कडी उचलली. पट्ट्यातून सुटायची तर ती उघडायला हवी. तिचा स्क्रू शेवटपर्यंत फिरवून बंद केलेला होता.

"खाली आलाय," केल्सी हळूच म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "एकदा जरी, असं ठरलं होतं."

मी कडी बोटांत फिरवली. तुटलेल्या वस्तूला एक कड असते, धागे असतात, ताणाची खूण असते. इथे तसे काही नव्हते. कडी पट्ट्यातून उतरली होती, आणि त्यानंतर हे टोक कोणीतरी जमिनीवर ठेवावे तसे ठेवलेले होते.

"पडला नाही," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"म्हणजे मार्चमध्ये तू जातेस. आता पिशवी भर."

डोंगर उतरताना ती शीळ घालत होती. मला इतके हलके वाटत होते, की त्याचे कारण शोधायची मला इच्छा झाली नाही. शोध घेणे हा माझा धर्म आहे, म्हणून हे मुद्दाम नमूद करतो.

घरी आल्यावर तिच्या हॅमॉकमधल्या रजईत एक पान सापडले. लांबट, कडेला करवतीसारखे वाकडे दाते. मी ते लेनोर हॅकवर्थकडे नेले. ती आमच्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवीत असे, आणि माझ्यासारखीच निवृत्त होऊन कंटाळली होती.

"चेस्टनट," ती म्हणाली. "आपल्याकडचं जुनं. कुठल्या धुमाऱ्याचं तोडलंस?"

"मोठ्या झाडाचं आहे."

"मोठं झाड नसतंच, बाबा. शंभर वर्षांपूर्वी रोग आला आणि सगळी गेली. खुंट मुळातून धुमारे सोडतात, ते मनगटाएवढे होतात आणि मरतात. केवढं मोठं?"

मी हात पसरले. ते पुरले नाहीत.

लेनोर हसली नाही. तिने पान उजेडात धरले. "आणि हे ऑक्टोबरातलं नाही. हे कोवळं आहे. जूनमधलं." तिने ते मला परत दिले. "तू चष्मा बदल, आणि हे मला सांगितलंस हे मी विसरते."

मार्चमध्ये केल्सी निघाली. मी तिला नवे पट्टे घेऊन दिले, दुकानातले, काळ्या टाक्यांचे, रुंद खोडालाही पुरतील असे लांब. एप्रिल गेला, मे गेला. व्हर्जिनियात तिच्या पायांना फोड आले, मेरीलँडमध्ये बुटांचा तळ निघाला. मी रोज हवामान पाहत असे. जूनमध्ये एका संध्याकाळी पेनसिल्व्हेनियावर वादळाचा इशारा आला, आणि तिचा फोन लागेना. त्या रात्री मी खुर्चीत बसून होतो.

सकाळी निरोप आला.

"इथं रात्री खूप पडझड झाली म्हणतात. पुढच्या मुक्कामावर दोन तंबू चेपले, माणसं वाचली. मला काहीच कळलं नाही, डॅडी. मस्त झोपले. आत्ता उठून फोटो काढलाय, झाड बघा. ओळखीचं वाटतं ना?"

मी डोळे मिटले.  मग चष्मा लावून फोटो मोठा केला.

राखाडी साल, पिळवटत वर गेलेल्या चिरा. तिचा हात पुरेल इतक्या उंचीवर एक जुना पट्टा होता, सालीत अर्धा बुडालेला. वाढत्या लाकडाने असा पट्टा गिळायला कित्येक वर्षे जावी लागतात. बाहेर राहिलेल्या टोकावर टाके लाल होते, आणि एका कोपऱ्यात ओळ दोनदा गेली होती.

मी तिला लिहिले, "झाड चांगलं आहे." मग त्या दुपारी मी आडवा झालो आणि कितीतरी दिवसांनी गाढ झोपलो.

फोटो मी अजून ठेवला आहे. हॅमॉकची कडी माझ्या पट्ट्याच्या फासात आहे, स्क्रू बंद. दुकानातला नवा पट्टा तिच्या पिशवीवर ठेवलेला दिसतो, दोन घड्या घालून.