उठावाची रेघ

पाटबंधारे खात्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाल्यावर बद्रीनाथांनी नाण्यांचा नाद धरला, आणि तोही जगावेगळा. लोक राजेरजवाड्यांची चांदी जमवतात. हे जमवायचे रस्त्यात पडली तरी कुणी वाकून उचलणार नाही अशी पैशापैशांची नाणी, आणि त्यांतही शोधायचे ते ठसा, म्हणजे टांकसाळीत ज्यानं नाणं पाडतात तो. एकाच सालाची शंभर नाणी पुढ्यात ओता, कुठली कुठल्या ठशातून निघाली ते भिंगाखाली वेगवेगळं करून देत. सिडकोतल्या, एन-सातमधल्या घरात रोज सकाळी दहा ते एक हा उद्योग चाले. शेजारी म्हणत, म्हाताऱ्याला काम नाही. ते खरंच होतं.

शहागंजात युसूफचं मोडीचं दुकान होतं. तांब्यापितळेत नाणी आली की तो ती बद्रीनाथांसाठी बाजूला काढायचा. त्यांनी त्याला एकच गोष्ट शिकवली होती.

"रेघ खोल असली तर समजायचं, नंतर कुणीतरी ओरबाडलंय. ते त्या एका नाण्याचं नशीब. पण रेघ उठावाची असली, बोटाला लागली, तर ओरखडा ठशालाच पडलेला. मग त्या ठशातून निघालेल्या एकूण एक नाण्यावर ती येणारच. त्यात नाण्याची काय चूक?"

एकोणीसशे शहाण्णवच्या पाडव्याआधी युसूफनं एक पुडी पुढं केली. "काका, कमल आया देखो. वैजापूरच्या तांबटानं मोडीत दिलं."

वीस पैशांचं पिवळं नाणं होतं, कमळाचं, १९७० सालचं. सालाखाली हैदराबादच्या टांकसाळीचा बारीक तारा. यात सोनं आहे म्हणून एके काळी बायांनी ही नाणी डबे भरभरून ठेवली होती. कमळाच्या डाव्या पाकळीवरून एक तिरकी रेघ कडेकडं गेली होती आणि टोकाशी आकड्यासारखी वळली होती.

ही रेघ बद्रीनाथांनी स्वतःच्या हातानं मारली होती.

पंचवीस वर्षं झाली त्याला. आधीची दोन लेकरं गेली म्हणून तिसऱ्याचं नाव फकिरा ठेवलं होतं. त्याच्या करदोड्यात बांधायला ते असल्याच नाण्याला खिळ्यानं भोक पाडत होते. खिळा सरकला, रेघ उमटली. बाजूला बसलेल्या द्वारकाबाई "हे नको, दुसरं घ्या," एवढंच म्हणाल्या. बायकोच्या अडाणीपणाला बद्रीनाथ हसले, दुसऱ्या घावात भोक पाडलं आणि तेच बांधलं. फकिरा चौथ्या वर्षी करमाडला मामाच्या विहिरीत पडला. इंजिन लावून पाणी उपसलं तेव्हा पोर सापडलं. करदोडा तुटला होता, नाणं काही मिळालं नाही.

द्वारकाबाई त्यावर कधी एक शब्द बोलल्या नाहीत. ते न बोलणं बद्रीनाथ बावीस वर्षं रोज ऐकत होते. दुसरं नाणं घेतलं असतं तर? शिकल्यासवरल्या माणसानं असलं मनात आणू नये, हे त्यांना कळत होतं. तरी ते रोज आणत होते.

आता तेच नाणं परत आलं असं त्यांना वाटलं. पण याला भोक नव्हतं. दुकानाच्या पायरीवर उन्हात नेऊन त्यांनी भिंग लावलं, मग नख फिरवलं.

रेघ उठावाची होती.

म्हणजे ठशालाच होती, त्यांचा खिळा सरकण्याच्या आधीपासून. खिळा नुसता तिच्यावरून घसरला असणार. घरी येताना त्यांना फार हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाची लाजही वाटली.

ज्येष्ठात दुसरं नाणं मिळालं, मग तिसरं. बद्रीनाथांनी ट्रेसिंग पेपरवर तिन्ही रेघा दहापट मोठ्या काढल्या आणि कागद एकमेकांवर ठेवले. केसाचाही फरक नव्हता. एकच ठसा, त्यात नवल काही नाही, असं त्यांनी वहीत लिहिलं.

चौथं नाणं १९६८ सालचं निघालं. दोन सालांना एक ठसा नसतो. रेघ तीच होती.

त्या दुपारी त्यांनी कपाटातला जुना डबा काढला. त्यातल्या अकरा कमळांची नोंद सहा वर्षांपूर्वी त्यांनीच केली होती, रेखीव अक्षरात, प्रत्येकापुढं 'निर्दोष'. अकराच्या अकरांवर नखाला रेघ लागली.

श्रावणात त्यांची लेक आशा बाळंतीण झाली. मुलगा झाला. बारशाला आज्यानं करदोड्यात पिवळं नाणं बांधायचं, ही व्याह्यांकडची रीत. बद्रीनाथ नाही म्हणाले.

"दादा, तुमीच बांधा," आशा म्हणाली. "आजा असून बांधलं नाय तर लोक काय म्हनतील? मला लई वंगाळ वाटंल."

एक, फक्त एक कोरं नाणं हवं होतं. आठ दिवस त्यांनी शहागंज पालथा घातला. जे कमळ हाती येई त्यावर रेघ असे. आपलं पोर आपण घालवलं, आता हेही आपल्याच हातून जाणार, असं वाटून भर बाजारात त्यांना रडू फुटलं. युसूफनं त्यांना स्टुलावर बसवलं, घरी जाऊन अम्मीच्या डब्यातलं एक नाणं आणलं.

ते कोरं होतं. भिंगानं पाहिलं, नखानं पाहिलं, दोन दिवसांनी पुन्हा पाहिलं. खिळा त्यांनी लावू दिला नाही. सोनाराकडून वर कडी जोडून घेतली आणि बारशाला स्वतःच्या हातानं बांधलं. त्या रात्री कित्येक वर्षांनी त्यांना गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी द्वारकाबाई पाटावर पाय लांब करून नातवाला न्हाऊ घालत होत्या. बद्रीनाथ टॉवेल घेऊन उभे होते. करदोडा वर सरकला.

बेंबीच्या डाव्या अंगाला एक तिरकी रेघ होती. टोकाशी वळलेली.

नाणं रुतलं असेल. त्यांनी नाणं उलटंपालटं करून पाहिलं. कोरं होतं.

रुतलेलं असतं तर खोल लागलं असतं. त्यांनी बोट फिरवलं. रेघ बोटाला लागली.

"काय बघायलेत?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"हे कवापासून हाय?"

"जन्मल्यापासून."

द्वारकाबाईंनी बाळाच्या काखेतलं पीठ चोळून काढलं. वर पाहिलं नाही.

"फकिराला बी व्हतं, हितंच. तुमी कवा न्हाऊ घातलं त्याला?" तांब्या घंगाळात बुडाला. "त्या दिशी तुमचा खिळा हुबेहूब तसाच फिरला. म्हनून म्हनले व्हते, दुसरं घ्या."

त्यांनी तांब्या बाळाच्या पोटावर रिता केला. पाणी रेघेपाशी आलं, आणि तिच्या दोन्ही बाजूंनी फुटून खाली गेलं.