डाव्या छातीवरचा रफू

हे घडलेलं आहे. माझ्याच दुकानात, माझ्याच डोळ्यांसमोर.

कोणाला पटवून द्यायची मला हौस नाही. पटलं तर वाचा, नाहीतर सोडून द्या.

आणि आधीच सांगते, मध्यरात्र नव्हती, वारा सुटला नव्हता, कुत्री रडत नव्हती. मंगळवार होता. दुपारचे सव्वातीन वाजले होते आणि उन्हाने दुकानाची फरशी तापली होती.

माझं शिवणकामाचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. खाली दुकान, वर आम्ही राहतो... आई, मी आणि माझा धाकटा भाऊ. त्याला सगळे बारक्या म्हणतात. वय एकोणतीस, छाती पस्तीस इंच. कितीही खाल्लं तरी जातं कुठे कोण जाणे.

त्याची सगळी मापं माझ्या वहीत आहेत. शाळेच्या पहिल्या शर्टापासूनची. त्याचं माप घेणं म्हणजे डोक्याला ताप. एक मिनिट स्थिर राहील तर शपथ. कापड बेतायच्या टेबलावर बोटाने वाजवत राहणार.

टक टक... टक.

दोन पटकन, तिसरी जरा थांबून. सहा वर्षांचा होता तेव्हापासून हेच.

"हात खाली!" मी ओरडायचे. "बाही आखूड झाली तर बोंबलत येऊ नकोस."

"तायडे, तुझं माप कधी चुकलंय का?" असं म्हणून पुन्हा वाजवायचा.

तर हा बारक्या एका मंडळात जायचा. एक जुनी लढाई दरवर्षी मैदानावर जशीच्या तशी करून दाखवणारी हौशी मंडळी. लाकडी बंदुका, धूर, ढोल, सगळं. सहा वर्षं याला एकच काम होतं, पहिल्याच फेरीत मरायचं. पुढचा तासभर गवतात तोंड खुपसून पडून राहायचं. मुंग्या चावून घेऊन घरी यायचा.

यंदा मात्र त्याला अधिकाऱ्याची भूमिका मिळाली. तोही मरतो म्हणा, पण अगदी शेवटी, सगळे बघत असताना.

"तायडे, यंदा लोकांना मी दिसणार!" जिन्याच्या तीन-तीन पायऱ्या गाळत तो वर आला.

खोटं कशाला बोलू, मला भरून आलं. आयुष्यभर पोराला कोणी खिजगणतीत धरलं नव्हतं.

अडचण होती मेजरची. मेजर म्हणजे खरा मेजर नव्हे. जन्म गेला टपाल खात्यात. पण मंडळाचा तो प्रमुख, आणि गणवेशाच्या बाबतीत महाचिकित्सक. खिशात भिंग घेऊन फिरायचा. एका इंचात किती टाके ते मोजायचा. मशीनची शिवण दिसली की कोट परत. अधिकाऱ्याचा कोट अस्सल नसेल तर भूमिका दुसऱ्याला, असं त्याने बारक्याला तोंडावर सांगितलं होतं.

म्हणून आम्ही दोघं जुने कपडे विकणाऱ्या एका बाईकडे गेलो. तिच्याकडे फौजी अधिकाऱ्याचे तीन कोट होते.

पहिला बारक्याला बघताक्षणी आवडला. खांद्यावर सोनेरी झालर, बटणं चकाचक. मी आतून उलटा केला आणि जागेवर ठेवून दिला. काजं मशीनची. नाटकातला कोट होता.

दुसरा खरा होता, पण कसरीने बाह्यांची चाळणी केली होती.

आणि तिसरा...

गडद निळा, जाड लोकरीचा. काजं हाताची, एकेक टाका जिथल्या तिथे. कॉलरच्या आत घोड्याच्या केसांचं ताठ अस्तर. वापरलेला कोट मालकाचं सगळं सांगतो, आमच्या धंद्यात ते कळतंच. हा माणूस रुंद होता. छाती चाळीस. आणि डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली.

"हाच," मी म्हणाले.

मी म्हणाले. बारक्या नाही. हे मी रोज स्वतःला ऐकवते.

ती बाई म्हणाली, "बघा बुवा. तीन गिऱ्हाइकं परत करून गेलीत. सगळ्यांना मोठा होतो म्हणे."

"मोठा असू दे. आतून भरायला मी आहे ना," मी म्हणाले. मला वाटलं केवढं हुशारीचं बोलले.

घरी आल्यावर बारक्याने तो चढवला तर आत आणखी एक बारक्या मावला असता. आई म्हणाली, "अगं बाई, कोट एकटाच चाललाय की!" आम्ही तिघंही पोट धरधरून हसलो.

मग तो मंगळवार.

मेजर दुकानात आला. भिंग काढलं. काजं बघितली, कॉलर बघितली, अस्तर बघितलं. म्हातारा गहिवरला. "अस्सल! पोरा, नशीब काढलंस!"

आणि मग डाव्या छातीशी त्याचं भिंग थांबलं.

तिथे नाण्याएवढा रफू होता. इतका सुबक की नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हता. माझ्याही नजरेतून सुटला होता.

"हे नंतरचं काम आहे," मेजर म्हणाला. "लढाईतल्या कोटाला रफू कुठून येणार? भोक दिसलं पाहिजे. हे उसवून टाका."

"अहो, एवढं नाजूक काम उसवायचं? जीव होत नाही माझा."

"मग हा कोट चालणार नाही."

बारक्याने माझ्याकडे बघितलं. सहा वर्षं मुंग्या चावून घेतलेला माझा भाऊ. मी सुई उचलली.

दोरा तुटेना. गुळगुळीत होता, बोटातून निसटत होता. मी मेजरचं भिंग मागून घेतलं आणि नीट बघितलं...

तो दोरा नव्हता.

केस होता. लांब, काळा. कोण्या बाईने स्वतःच्या डोक्यावरचा केस सुईत ओवून ते भोक शिवलं होतं.

"सुताचा दोरा दिसू नये म्हणून करतात काही जण," मेजर म्हणाला. त्याला त्याचं काही नवल नव्हतं.

मी एकेक टाका सोडवला. सगळे मिळून एकेचाळीस. शेवटचा टाका सुटला...

आणि टेबलावर पसरलेल्या कोटाची छाती हळूच खाली बसली. धरून ठेवलेला श्वास सोडल्यावर माणसाची बसते तशी.

मेजर भिंग पुसत होता. बारक्या आरशात बघत होता. ते फक्त मी पाहिलं.

जुना दोरा फेकायची मला सवय नाही. त्या केसाचे तुकडे मी बटणांच्या डब्यात ठेवले. कोट दुकानातल्या लाकडी पुतळ्यावर चढवला, दुकान बंद केलं.

बुधवारी सकाळी कोटाची कॉलर ओली होती. आतल्या बाजूने, मानेपाशी... घामाने. रात्री दुकानाला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या उशाखाली.

शुक्रवारी बारक्याने कोट घातला. आधीइतका मोठा होत नव्हता.

पुढच्या मंगळवारी तो त्याला बेतून शिवल्यासारखा बसला.

आत मी एक टाकासुद्धा घातला नव्हता.

मी टेप काढला. छाती... चाळीस. पुन्हा मोजली. चाळीस. खांदे मोजले. डावा अर्धा इंच खाली. महिनाभरापूर्वीचं त्याचं माप वहीत होतं, पस्तीस. जेवून पोट सुटेल एखाद्याचं, पण एकोणतिसाव्या वर्षी खांद्याची हाडं वाढतात कुठे?

आणि मग माझ्या लक्षात आलं की दुकानात फार शांत आहे.

तो वाजवत नव्हता.

दोन्ही हात सरळ खाली. पुतळ्यासारखा उभा.

"वाजव की रे," मी म्हणाले.

"काय?"

"टेबल."

त्याने टेबलाकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्याला कळलंच नाही मी काय म्हणतेय ते.

"बारक्या, हा कोट नको. मी रात्रीचा दिवस करून हाताने दुसरा शिवते. मेजरच्या पाया पडते हवं तर."

तेव्हा मात्र तो माझा बारक्या झाला. डोळे भरून आले त्याचे. "तायडे, एकदाच गं. एकदा मला नीट उभं राहू दे. मग जाळून टाक तो कोट."

मी मान डोलावली. माझंच चुकलं.

लढाई रविवारी होती. भर दुपारी, मैदान माणसांनी फुललेलं. आई पहिल्या रांगेत. बारक्या समोर आला आणि लोक एकदम गप्प झाले. काय चाल ती! काय आवाज! आई माझा हात दाबत होती. "आपलाच ना गं?" असं दोनदा म्हणाली.

ठरलं असं होतं की ढोल तीनदा वाजला की त्याने पडायचं.

ढोल एकदा वाजला...

दुसऱ्यांदा वाजला...

आणि तो पडला. तिसऱ्याच्या आधी. हात डाव्या छातीवर, बरोबर त्या भोकावर.

टाळ्यांचा नुसता कडकडाट. मेजर उड्या मारत होता. लढाई संपली, बाकीचे मेलेले उठून कपडे झटकायला लागले. हा उठेना. मी धावत सुटले. मी पोहोचायच्या आत त्याने डोळे उघडले.

उठला. कोट काढला, नीट घडी घातली, माझ्या हातात दिला.

"आभारी आहे, बाई," म्हणाला.

बाई.

जन्मात त्याने मला तायडेशिवाय हाक मारली नव्हती.

त्या संध्याकाळी मी दुकानाचं दार आतून लावलं. कोट जाळणार होते, पण काडी पेटवायला हात धजेना. मग मला वाटलं, ज्या बाईने ते भोक शिवलं तिला काहीतरी ठाऊक असणार. आतलं काहीतरी तिने बंद करून ठेवलं होतं आणि मी मूर्खाने ते सोडलं. पुन्हा शिवलं की संपलं.

डब्यातले तुकडे कामाचे नव्हते. मी माझा केस उपटला, सुईत ओवला आणि रफू केला. एकेचाळीस टाके. कोट लोखंडी पेटीत घातला, पेटी टेबलाखाली सरकवली, वर कुलूप. माझा जीव भांड्यात पडला.

त्याला आता पाच महिने झाले.

बारक्या छान आहे. आई तर खूश. "पोरगा सुधारला," म्हणते. ताठ चालतो. वेळेवर उठतो. कामावर बढती मिळाली. त्याला आता बारक्या म्हणायला कोणाची जीभ रेटत नाही. माझ्याशी अदबीने वागतो. आईने दटावल्यापासून मला ताई म्हणतो.

गेल्या महिन्यात शर्टाचं माप द्यायला आला. सरळ उभा, हात खाली. मी टेप लावला. चाळीस. डावा खांदा अर्धा इंच खाली. मी वहीत आकडा लिहिणार एवढ्यात...

टक टक... टक.

माझ्या हातातली पेन्सिल पडली.

त्याचे हात खालीच होते.

आवाज टेबलाखालून आला होता. पेटीतून.

दोन पटकन, तिसरी जरा थांबून.

त्यानेही ऐकलं. आरशात माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता, काही नव्हतं. एवढंच म्हणाला, "ताई, ती पेटी बंदच राहू दे."

शर्टाची बटणं लावली आणि निघून गेला.

मी तिथेच फरशीवर बसले. कोणाला कोंडलं होतं मी? स्वतःच्या केसाने, एकेचाळीस टाके घालून, घट्ट?

आणि ती पहिली बाई... तीही कोणाची तरी बहीण असेल का? मी ज्याला मोकळं केलं तोही बिचारा कोणाचा तरी भाऊच असेल का?

तेव्हापासून दुकान बंद केलं की मी पेटीशी बसते. तो वाजवतो. मी टेबलावर उलट वाजवते. "तायडे आहे रे इथे," म्हणते. मग तो पुन्हा वाजवतो.

दहादा कात्री हातात घेतली असेल. पण रफू उसवला आणि वर आईसमोर जेवायला बसलेला तो माणूस जागच्या जागी कोसळला तर? आणि त्या भोकातून माझा बारक्या बाहेर पडून जाणार कुठे? त्याचं अंग तर दुसऱ्याने घातलंय.

कोणाला विचारू? मेजरला सांगितलं तर तो म्हणाला, "पुढच्या वर्षीही तोच अधिकारी हवा, काय पडला होता तो!"

हे सगळं आज लिहायला बसले त्याला कारण आहे.

आज संध्याकाळी मी नेहमीसारखी पेटीशी बसले. मी वाजवलं. बराच वेळ काही नाही. मग अगदी हळू, दमलेल्या माणसासारखं...

टक टक...

मी कान लावून वाट बघत राहिले.

अजून बघतेय. कात्री मांडीवर आहे. तिसरी अजून आलेली नाही.