उस्तादच्या पातेल्यातला पीस

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या विनवण्या करणार नाही. पण हे घडलंय. माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात, मागच्या थंडीत घडलंय. पुढे ज्या डबीबद्दल सांगणार आहे, ती मी स्वतः हातात धरली आहे.

आणि भूत म्हटलं की ज्यांना मध्यरात्र आणि कुत्र्यांचं रडणं लागतं, त्यांनी इथेच थांबावं. हे झालं रविवारी, भर दुपारी, लख्ख उन्हात.

मावशी म्हणजे आमच्या घरातली सगळ्यात खमकी बाई. ती घरोघरी जाऊन पेशंटकडून व्यायाम करून घेते. गुडघे बदललेली भलीभली माणसं तिला टरकून असतात. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, अगदी उलटे. शांत. त्यांची एक सवय होती. सकाळी गाडी काढायच्या आधी बॉनेट उघडायचं, कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची बाटली बघायची, बॉनेट लावायचं आणि वरून बोटांनी दोनदा वाजवायचं.

टक टक.

ते ऐकलं की मावशी आतून ओरडायची, "बघितलं का पाणी?"

"बघितलं गं बाई!"

काकांचा शाळेपासूनचा मित्र गॅरेज चालवायचा. त्याला सगळे उस्ताद म्हणायचे. दोघं एका ताटात जेवलेले. त्याच्या गॅरेजची एक रीत होती, आणि त्या रीतीवरच त्याचं नाव झालं होतं.

गाडीत थर्मोस्टॅट असतो. म्हणजे इंजिनाच्या पाण्याच्या वाटेवरचं एक छोटं पितळी झाकण. इंजिन गार असलं की ते मिटलेलं असतं. तापलं की उघडतं आणि पाणी रेडिएटरकडे सोडतं. नाही उघडलं, तर इंजिन उकळतं.

उस्ताद नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी गिऱ्हाइकाला स्टोव्हपाशी बोलवायचा. पातेल्यात पाणी उकळत असायचं. चिमट्याने तो नवा थर्मोस्टॅट, त्याच्या भाषेत 'पीस', आत सोडायचा आणि थांबायचा...

टक्. झाकण उघडायचं.

"डोळ्यांनी बघा, मगच बसवतो," म्हणायचा. लोक खूश.

काकांच्या गाडीचा थर्मोस्टॅट बदलायचा होता तेव्हा मावशीही सोबत होती. पीस उघडला. काका वाकून बघत होते.

"अरे, नव्या पिसाच्या कडेला हा ओरखडा कसला?"

"चिमट्याचा आहे. आता माझ्यावरही संशय का रे तुझा?"

काका बिचारे ओशाळले. उस्ताद पीस घेऊन बॉनेटखाली वाकला. ही दोघं मागे उभी राहून चहा पीत होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत काका गेले.

घाटाच्या चढावर इंजिन उकळलं. पहाटेचं धुकं होतं. काका गाडी कडेला घेऊन उतरले, बॉनेट उघडलं. वळणावरून एक ट्रक आला... त्याला ते दिसलेच नाहीत.

गाडी उस्तादने ओढून आणली. मावशीसमोर बसून लहान मुलासारखा रडला. म्हणाला, "वहिनी, बाटली कोरडी ठणठणीत होती. त्याने पाणीच बघितलं नाही हो."

"पण निघताना बॉनेट वाजवलं होतं यांनी. मी ऐकलं."

"वाजवलं असेल वहिनी. बघितलं नसेल."

हे वाक्य मावशीच्या काळजात रुतलं. रोज विचारायची ती, आणि रोज 'बघितलं' म्हणायचा हा माणूस! म्हणजे नुसतंच वाजवत होता? तिला दुःखापेक्षा राग आला. नवऱ्याने आपल्याला फसवलं असं तिच्या मनाने घेतलं. फोटो भिंतीवरून काढून कपाटात टाकला. वर्षभर त्याच्याशी चकार शब्द बोलली नाही. माणूस गेल्यावर बोलतं कोण, असं म्हणाल. पण आपण बोलतो. सगळेच बोलतो. मावशी नाही बोलली.

उस्ताद मात्र दर आठवड्याला यायचा. इंजिन त्याने स्वतःच्या हाताने बांधलं. नवा थर्मोस्टॅटही घातला. परत तेच पातेलं, तेच उकळतं पाणी, टक्. मावशीचे डोळे भरून आले. "तुम्ही माझे पाठचे भाऊ," असं म्हणाली ती त्याला. माझ्यासमोर म्हणाली.

गाडी वर्षभर कव्हरखालीच होती. मागच्या थंडीत लांबचे पेशंट आले, तेव्हा ती बाहेर काढली.

पहिल्याच सकाळी मावशी स्वयंपाकघरात डबा भरत होती. आणि...

टक टक.

हातातला डाव तसाच राहिला. धावत बाहेर आली. फाटक बंद. अंगणात कुणी नाही. गाडीवर दव पडलेलं होतं. फक्त बॉनेटवर एका जागी, बोटांएवढं, पुसलेलं...

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

दुसरं कुणी असतं तर घर सोडून पळालं असतं. मावशीचा रागच उफाळला. खिडकीतून ओरडली, "आता कशाला वाजवताय? तेव्हा बघायचं होतं!"

त्या दिवसापुरता आवाज थांबला. सकाळी पुन्हा... टक टक.

मग तो रविवार आला. पेशंटकडून परतताना पुलाचा चढ लागला आणि तापमानाचा काटा वर सरकू लागला. लाल पट्टीला टेकला. मावशीने गाडी कडेला घेतली. समोरच एक स्पेअर पार्ट्सचं दुकान उघडं होतं.

तिने बॉनेटच्या खटक्याकडे हात नेला. हात अजून पोचलाही नव्हता...

खट्.

बॉनेट आपोआप सुटलं.

दुकानातून एक जाड चष्म्याची बाई आली. दुकान तिचंच. इंजिन जरा निवू दिलं, मग तिने दोन पाइपांना हात लावून बघितला.

"वरचा पोळतोय, खालचा गारढोण. थर्मोस्टॅट उघडत नाहीये तुमचा."

"पाणी संपलं असेल," मावशी म्हणाली.

"बाटली तर भरलेली आहे. आणखी थोडं रेटलं असतंत, तर उकळून सगळं बाहेर फेकलं गेलं असतं. मागाहून बघणाऱ्याला वाटतं, पाणी घातलंच नव्हतं."

मावशीला उस्तादचं वाक्य आठवलं, 'बाटली कोरडी ठणठणीत होती.'

बाईने थर्मोस्टॅट काढून तिच्या तळहातावर ठेवला. वजनाला हलका. स्प्रिंग तारेसारखी बारीक. "हा डुप्लिकेट. चांगल्या पिसावर कंपनीचा नंबर असतो, किती तापल्यावर उघडायचं तो आकडा ठसलेला असतो. ह्याच्यावर आहे काही? सपाट रस्त्यावर कसाबसा उघडतो, चढावर अडकतो."

"अहो, पण मी उकळत्या पाण्यात उघडताना बघितलाय. दोनदा. माझ्या डोळ्यांनी."

बाई हसली. "उघडला तो बघितलात. बसवला तो बघितलात का?"

मावशीने पिसाची कड बोटाने चाचपली. गुळगुळीत. ओरखडा नव्हता.

आणि तिला आठवलं... दुसऱ्यांदा पातेल्यात टाकलेल्या 'नव्या' पिसालाही अगदी त्याच जागी ओरखडा होता.

एकच पीस. इतकी वर्षं प्रत्येकाला तोच दाखवायचा. मग बॉनेटखाली वाकून, पैसे चांगल्याचे घेऊन, खिशातला स्वस्तातला बसवायचा. लहानपणापासूनच्या मित्राला. आणि तो मेल्यावर त्याच्या बायकोला, पुन्हा तस्साच.

बाईने चांगला थर्मोस्टॅट, नवी रबराची रिंग आणि ताजं कूलंट घालून दिलं. काटा मधोमध थांबला. मावशी घरी येईपर्यंत रडत होती. "अहो, चुकलं माझं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती.

कुलूप उघडून आत आली. घर शांत होतं.

मग स्वयंपाकघरातून बुडबुड्यांचा आवाज आला...

शेगडीवर पातेलं होतं. तिने ठेवलेलं नव्हतं. गॅस बंद होता. सिलिंडरचा रेग्युलेटरही बंद. तरी पाणी खळखळ उकळत होतं.

तळाशी काहीतरी पितळी होतं.

टक्.

तिने पळीने वर काढलं. कडेला ओरखडा होता.

तिने तो पीस पुसून स्टीलच्या डबीत ठेवला. कपाटातून फोटो काढला आणि भिंतीवर लावला.

दिवस कलताना फाटक वाजलं. उस्ताद आला होता. चेहरा पांढराफटक.

"वहिनी, तुम्ही आज गॅरेजवर आला होता का? नाही म्हणजे... बाहेरून कुलूप तसंच आहे. पण माझं पातेलं नाही. आतला पीसही नाही."

मावशी आत गेली. डबी आणून त्याच्या हातावर ठेवली. त्याने झाकण उघडलं, पीस उचलला आणि किंचाळून टाकून दिला. तळहातावर टरारून फोड आला, गोल, त्या झाकणाएवढा.

मावशीने वाकून पीस उचलला. बर्फासारखा थंड होता.

"मी तुम्हाला भाऊ म्हटलं होतं," ती म्हणाली. "आता तरी खरं सांगा."

तो हात धरून उभा होता. भिंतीवरच्या फोटोकडे त्याने एकदा बघितलं. आणि एवढं होऊनही तो काय म्हणाला असेल?

"वहिनी, त्याने पाणी बघितलं नव्हतं."

मावशीने दार लावून घेतलं.

दुसऱ्या सकाळी ती लवकर उठली. डबा न भरता खिडकीशी उभी राहिली. आज आवाज आला की 'बघितलं हो पाणी, मला माहीत आहे' असं म्हणायचं, हे तिने रात्रीच ठरवून ठेवलं होतं.

आवाज आला नाही.

त्यानंतर आजपर्यंत एकदाही आला नाही.

उस्तादचं गॅरेज बंदच आहे. त्याची बायको मावशीला बाजारात भेटली होती. म्हणाली, हे रात्रभर झोपत नाहीत हो. रोज सकाळी आमच्या दारातल्या गाडीच्या बॉनेटवर कुणीतरी बोटं वाजवतं. दोनदा.

आम्हाला वाटलं, हे ऐकून मावशी घाबरेल, नाहीतर सुटकेचा श्वास तरी टाकेल. तिने डबी उघडून मला पीस दाखवला. मिटलेला होता.

"एक वर्ष मी त्यांच्याशी बोलले नाही," ती म्हणाली. "बोलायला लागले, तर हे उस्तादच्या दारात जाऊन बसले. मी काय करू आता?"

अजूनही ती रोज सकाळी खिडकीशी उभी राहते.